आपली न्याहारी किती जुनी?



‘आपला पारंपरिक नाश्ता’ म्हटले की अकलूजच्या कुठल्याही जैन घरात साधारण एकच यादी ऐकू येते. पोहे, उपमा, सांजा, धिरडी, थालीपीठ, साबुदाणा, आणि बरोबर चहा. नव्या सुनेला हे सगळे यावे अशी अपेक्षा असते. तिने एखाद्या दिवशी ब्रेड भाजला की ‘आपले सगळे मागे पडत चालले’ असा सूर लागतो. हा सूर मी वर्षानुवर्षे ऐकते आहे, म्हणून या यादीतला एकेक पदार्थ आपल्याकडे कुठून आणि कधी आला हे पाहायचे ठरवले. वाचत गेले, घरातल्या मोठ्यांना विचारत गेले, तेव्हा लक्षात आले की यादीतले बरेचसे आपल्या पणजीच्या सकाळी नव्हतेच. आणि जे खरोखर शेकडो वर्षे जुने आहे, ते या यादीत कुठेच दिसत नाही.

शब्द आणि वेळ

आधी शब्दच पाहू. ‘नाश्ता’ हा शब्द फारसीतून आला. तिथे त्याचा मूळ अर्थ ‘उपाशी असलेला, सकाळपासून काही न खाल्लेला’ असा आहे. ‘न्याहारी’चे मूळही तिकडेच सांगतात आणि अर्थही तसाच. संस्कृतात मात्र ‘प्रातराश’ असा स्वतंत्र शब्द आहे. म्हणजे सकाळी खाणे आपल्या देशाला नवे नव्हते, पण रोजच्या बोलण्यातले शब्द बाहेरून आले आणि पक्के बसले.

आपल्या धर्मात सकाळच्या खाण्याबद्दल पदार्थापेक्षा वेळेचा विचार जास्त आहे. रात्रिभोजनत्याग तर श्रावकाच्या आचाराचा पायाच. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त दिवस उगवल्यावरच्या पहिल्या दोन घटका आणि मावळण्यापूर्वीच्या शेवटच्या दोन घटकाही खाण्यात धरू नयेत असे सांगितले. एक घटका 24 मिनिटांची, दोन घटका म्हणजे 48 मिनिटे. श्वेतांबर मैत्रिणी ज्याला नवकारसी म्हणतात ती हीच. आपल्या दिगंबर घरांतही नियम पाळणाऱ्या बायका सूर्य चांगला वर आल्याशिवाय तोंडात काही घालत नाहीत.

हा हिशोब अकलूजला लावून पाहा. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, म्हणजे दोन घटका सरेपर्यंत पावणेआठ-आठ होतात. जूनच्या सुरुवातीला तो सहाच्या आत उगवतो, तेव्हा पावणेसातला खायला हरकत नसते. घड्याळ ठरावीक वेळ सांगते, आपला नियम मात्र ऋतूप्रमाणे पुढेमागे सरकतो. सकाळी सातची शाळा असलेल्या घरात थंडीत रोज अडचण होते ती याच कारणाने. मुलाने निघण्यापूर्वी खावे की डब्यात न्यावे, हा प्रश्न आजीच्या काळात नव्हता, कारण सातची शाळाच नव्हती.

शिळ्या भाकरीचे काय करायचे?

माळशिरस तालुक्यातल्या शेतकऱ्याची जुनी न्याहारी म्हणजे रात्रीची ज्वारीची भाकरी, वर चटणी नाहीतर ताक. पहाटे उठून मोटेवर जाणाऱ्याला सकाळी चूल पेटवून नवा स्वयंपाक करून देणार कोण? रात्रीच चार भाकरी जास्त थापायच्या, हीच सोय.

जैन घराला ही सोय नव्हती. आपल्याकडे प्रत्येक पदार्थाला मर्यादा आहे. डाळ-भाताची दोन प्रहर, भाकरी-पोळीची त्याच दिवसापुरती, कोरड्या तळलेल्या पदार्थाची आठ प्रहर. परंपरेप्रमाणे आणि घराप्रमाणे यात थोडा फरक पडतो, पण रात्रीची भाकरी सकाळी चालत नाही यावर सगळ्यांचे एकमत. गाळलेल्या पाण्याची मर्यादा 48 मिनिटे, उकळलेल्याची 24 तास. पिठाची थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन.

या सगळ्यामागचे सूत्र एकच आहे: जिथे ओल, तिथे जीव. ज्यात पाणी जास्त ते लवकर सोडायचे, ज्यात पाणी नाही ते जास्त दिवस चालते. एवढे लक्षात आले की आपल्या घरातल्या खाऊच्या डब्याचा इतिहास उलगडतो. खाकरा म्हणजे पोळीतली ओल तव्यावर दाबून दाबून काढून टाकलेली. दशमी दुधात भिजवलेली, पाण्याचा थेंब न लावता. लाह्या, फुटाणे, चुरमुरे सगळे भाजलेले. दहीगावला किंवा कुंथलगिरीला बैलगाडीतून जाताना बरोबर हेच असे. आपल्या भागातली हुमड घरे मूळची गुजरात-वागडकडची, त्यांनी खाकरा आणि ठेपला तिकडून आणला. सैतवाळ, कासार, पंचम, चतुर्थ घरांत दशमी आणि धपाटे इथलेच. पण डब्यामागचा विचार सगळ्यांचा सारखा.

माझ्या सासूबाई सांगायच्या, त्यांच्या लहानपणी सकाळी ‘नाश्ता कर’ असे कुणी म्हणत नसे. मंदिरातून दर्शन करून आले की मुलांच्या हातावर गूळ-शेंगदाणे नाहीतर लाडू ठेवायचे, आणि दहा-साडेदहाला सगळ्यांचे जेवण. दुसरे जेवण सूर्यास्ताच्या आत. सकाळी तोंडात काहीतरी टाकणे होते, पण त्यासाठी वेगळी चूल पेटत नव्हती. चूल पेटली ती शाळा, कचेरी आणि कारखान्याचा भोंगा आल्यावर. दहाला जेवण करून जाणे ज्याला जमेना, त्याला आठला काहीतरी गरम लागू लागले.

चौका काय सांगतो

गावात मुनिसंघ आला की आपण चौका लावतो. विहिरीचे पाणी, घरी दळलेले पीठ, सोवळ्याने केलेला ताजा स्वयंपाक. आहार झाल्याशिवाय घरातल्या बायका काही खात नाहीत. जुनी सकाळ कशी होती हे पाहायचे असेल तर चौक्याकडे पाहावे. तिथे काय चालत नाही याची यादी केली तरी कळते. चहा नाही, ब्रेड-बिस्किट नाही, बाजारचे पीठ नाही, रात्रभर आंबवलेले काही नाही, कंदमुळे तर नाहीतच. म्हणजे आपल्या रोजच्या नाश्त्यातले जे नंतर आले ते चौक्याच्या दाराबाहेरच थांबते.

यात एक गमतीची गोष्ट घडली आहे. जात्याच्या जागी पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांचे कष्ट वाचले, पण एकदम दहा-पंधरा किलो दळून आणण्याची सवय लागली आणि पावसाळ्यातली तीन दिवसांची मर्यादा मोडू लागली. मग विजेची घरघंटी आली. आज आपल्या गल्लीत कितीतरी जैन घरांत ती आहे, आणि मर्यादा पुन्हा पाळता येते. नवे यंत्र म्हणजे नेहमीच धर्मापासून दूर जाणे असे नाही.

समुद्रापलीकडून आलेले

आता पोहे घेऊ. पोहे खरोखर जुने, सुदाम्याच्या गोष्टीतले. पण आजच्या पोह्यांत काय काय असते? हिरवी मिरची दक्षिण अमेरिका-मेक्सिकोकडची, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आली. त्याआधी तिखटपणा मिऱ्यांचा आणि पिंपळीचा. ‘मिरची’ हे नावसुद्धा मिऱ्यांवरून पडले. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. सोलापूरची शेंगदाण्याची चटणी आज जगभर ओळखली जाते, आपण ती लसूण न घालता जिरे घालून कुटतो, पण तिच्यातले शेंगदाणे आणि तिखट दोन्ही परदेशी पाहुणे. शेंग जमिनीखाली लागते, पण ती मूळ नव्हे म्हणून आपण घेतली. बटाटाही तिकडूनच आला, तो मात्र कंद म्हणून आपण बाहेर ठेवला. एकाच दिशेने आलेल्या गोष्टींतून काय घ्यायचे आणि काय नाही हे आपल्या आज्या-पणज्यांनी पदार्थाच्या गावावरून ठरवले नाही, नियमावरून ठरवले. आपल्याकडेही मुलगी बघायला जाण्याला ‘कांदेपोहे’ म्हणतात, पोह्यात मात्र मटार नाहीतर कोबी असतो. शब्द घेतला, कांदा नाही घेतला.

चहाची गोष्ट आणखी अलीकडची. मळे एकोणिसाव्या शतकात आसामात लागले, पण पिकलेला चहा बहुतेक परदेशी जाई. 1903 मध्ये सरकारने चहावर प्रचारासाठी कर बसवला, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत प्रचारकांनी स्टेशनांवर, बाजारांत, गिरण्यांत फुकट कप वाटून देशाला सवय लावली. आपल्या सकाळच्या ‘परंपरेतला’ सगळ्यात पक्का भाग हा असा जाहिरातीने आलेला आहे.

चहाबरोबर साखर आली, आणि साखरेच्या गोष्टीत अकलूजचाही वाटा आहे. 1905 च्या स्वदेशी चळवळीत परदेशी साखर सोडण्याच्या शपथा घेतल्या गेल्या, त्यामागे एक कारण असे की ती शुभ्र करायला हाडांचा कोळसा वापरत. अहिंसा पाळणाऱ्या घरांना हे कारण राजकारणाहून मोठे वाटले असेल, यात नवल नाही. घरात गूळच चालायचा. 1928 मध्ये भाटघरचे मोठे धरण पूर्ण झाले, नीरेच्या उजव्या कालव्याने माळशिरस तालुक्यात ऊस वाढला. 1932 मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला. त्याच दशकात सासवडच्या माळी शेतकऱ्यांचा कारखाना आपल्या शेजारी माळीनगरला उभा राहिला, आणि सोलापूरच्या जैन घरात 1882 मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवले. पुढे यशवंतनगरला शंकरराव मोहिते-पाटलांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना आला. आपल्याकडच्या कारखान्यांत साखर साधारणपणे चुना आणि गंधकाच्या धुराने स्वच्छ करतात. ज्या साखरेला घराने दार बंद केले होते, ती आपल्याच शिवारात पिकून आत आली. सांजा आणि शिरा रोजच्या ताटात आले ते त्यानंतर. तोवर गहू आणि साखर दोन्ही सणासुदीचे.

साबुदाण्याचा पेच

साबुदाणा चालतो की नाही, यावर आपल्याकडे दरवर्षी वाद होतो. इतिहास पाहिला तर दोन्ही बाजूंचे म्हणणे समजते. मूळचा साबुदाणा आग्नेय आशियातल्या एका ताडासारख्या झाडाच्या खोडातल्या गराचा. तो कंद नव्हता. दुसऱ्या महायुद्धात तिकडचा माल बंद झाला आणि 1943 च्या सुमारास तामिळनाडूत सेलमला टॅपिओका या कंदापासून साबुदाणा बनू लागला. तो कंद ब्राझीलकडचा. दाणा तसाच दिसत राहिला, नाव तेच राहिले, आतली वस्तू बदलली. ‘माझी आजी खायची’ आणि ‘हा कंद आहे’ ही दोन्ही वाक्ये खरी असू शकतात. तुमच्या घरी काय करायचे ते तुम्ही ठरवा. पण एवढे दिसते की पदार्थाचे नाव सांभाळले म्हणजे नियम सांभाळला असे होत नाही.

ज्वारी, चवळी आणि नायजेरिया

आमच्या नात्यातली एक सून नवऱ्याच्या नोकरीमुळे नायजेरियात लागोसला राहते. तिने तिथल्या सकाळच्या खाण्याचा फोटो पाठवला आणि विचारले, ‘काकू, यातले काय चालेल?’ एका बशीत वडे, वाटीत पातळ खीर. वड्याला तिकडे अकारा म्हणतात. चवळी भिजवून, साल काढून, वाटून, कांदा-मिरची घालून तेलात तळतात. खिरीला ओगी किंवा अकामू म्हणतात. मका, ज्वारी किंवा बाजरी दोन-तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून, आंबवून शिजवतात. उत्तरेकडे हाउसा लोक हीच जोडी कोको आणि कोसई या नावांनी खातात. रस्त्याच्या कडेला पहाटे बायका मोठ्या कढया घेऊन बसतात आणि कामावर जाणारे उभ्या उभ्या खाऊन जातात. कुणी गारी खातात. तो टॅपिओका किसून, आंबवून, भाजलेला रवा असतो. गार पाण्यात साखर घालून भिजवला की झाली न्याहारी. आपल्या आताच्या साबुदाण्याचाच हा सख्खा भाऊ.

मी तिला लिहिले की कांदा न घालता, शेंगतेलात तळलेले चवळीचे वडे तू घरी करू शकतेस, ते आपलेच आहेत. हे मी तिचे मन राखायला लिहिले नव्हते. चवळी मूळची पश्चिम आफ्रिकेची. बाजरी सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातली. नाचणी पूर्व आफ्रिकेची. आणि आपली ज्वारी, जिच्यावर सोलापूर जिल्हा जगला, मंगळवेढ्याच्या ज्या मालदांडीला भौगोलिक मानांकन मिळाले, ती पाच हजार वर्षांपूर्वी आजच्या सुदानच्या पूर्व भागात माणसाळली आणि सुमारे चार हजार वर्षांपूर्वी भारतात पोहोचली. भाकरीहून अधिक ‘आपले’ काय असणार? तिचे माहेर मात्र आफ्रिका.

फरक कुठे आहे तो आपल्या नियमात. त्यांची ओगी दोन-तीन दिवस आंबते. इथल्या शेतकरी घरातले आंबीलही रात्रभर आंबवतात. जैन घराने तेच पीठ घेतले, पण आंबू दिले नाही. सकाळच्या ताज्या ताकात ज्वारीचे पीठ कालवायचे, लगेच शिजवायचे, जिरे-मीठ घालून गरम गरम खायचे. ताक आणि बेसन एकत्र आले की द्विदलाचा दोष लागतो, ज्वारी डाळ नसल्याने तिला लागत नाही. ही उकड दहा मिनिटांत होते. आमच्याकडे ती आजारी माणसाला आणि बाळंतिणीला देत. आता मी थंडीत आठवड्यातून दोनदा सगळ्यांना करते.

बाईचे ताट

या सगळ्या शोधात एक गोष्ट मला कुठे सापडली नाही: बाई सकाळी काय खायची? मोठ्यांना विचारले तर पुरुषांचे, मुलांचे, पाहुण्यांचे सांगतात. बाईचे विचारले की ‘ती काय, कामातच असायची.’ नाश्ता घरात आला तेव्हा तिच्या वाट्याला एक स्वयंपाक वाढला, पण त्या नाश्त्याला ती बसली असे नाही. आजही कितीतरी घरांत हेच चालते. एकाला पोहे, एकाला डबा, सासऱ्यांना बिनतिखटाचे, आणि स्वतःला नंतर बघू.

आता हिशोब करा. चौविहार पाळणारी बाई डिसेंबरात साडेपाचला जेवते. सकाळी सगळ्यांचे करून स्वतः थेट साडेअकराला जेवायला बसली, तर 18 तास झाले. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आढळले. आपल्या घरातल्या बायका त्यात नाहीत असे समजायचे कारण नाही.

उपवासाबद्दल मी बोलत नाही. पच्चक्खाण घेऊन केलेला उपवास हे तप आहे. पण कामाच्या धबडग्यात राहून गेलेले खाणे हे तप नव्हे. शास्त्रातही सकाम आणि अकाम निर्जरा वेगळ्या मानल्या आहेत. मनाने घेतलेला त्याग आणि नाइलाजाने सोसलेली भूक यांतला भेद आपल्या आचार्यांना चांगला माहीत होता. आपणच तो घरात विसरतो, आणि वर तिला ‘किती नियमाची आहे’ म्हणून मान देतो.

म्हणून माझे म्हणणे असे. पोहे झाले की उकड, खाकरा झाला की चवळीचे वडे, याचा फार विचार करू नका. पदार्थ दर पिढीला बदलत आले आहेत आणि बदलतील. सुनेने नवे काही केले तर त्यात कंद आहे का, अंडे आहे का, शिळे आहे का एवढे पाहा. ते नसेल तर ते आजपासून आपले. जपायचे ते गाळलेले पाणी, ताजे पीठ आणि सूर्याची वेळ. दोन घटका सरल्या की गॅस बंद करून स्वतःचेही ताट वाढून घ्या आणि सगळ्यांबरोबर बसा. सासू असाल तर सुनेला हाक मारून बसवा.

आणि घरात ऐंशीच्या पुढची कुणी आजी असेल तर तिला एकदा विचारा, तुम्ही स्वतः सकाळी काय खायचात? उत्तर मला नक्की कळवा.